अपग्रेड नव्वद टक्क्यांवरून माघारी फिरते: जुन्या पीसीवर विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती बसत नसेल तर

तक्रार ठरलेली असते. अपडेट उतरते, पीसी दोन-तीनदा रिस्टार्ट होतो, टक्के चढत चढत सत्तर-नव्वदच्या पुढे जातात आणि मग पडद्यावर ‘अनडूइंग चेंजेस’ येते. तासाभराने जुनेच विंडोज पुन्हा समोर. आठवड्याने तेच अपडेट पुन्हा उतरते आणि पुन्हा तसेच होते. कोअर टू ड्युओ, पहिल्या-दुसऱ्या पिढीचे आय३, जी३१, जी४१, एच६१ मदरबोर्ड असलेल्या पीसींवर हे फार दिसते. हे पीसी मुळात विंडोज ७ वर चालायचे. २९ जुलै २०१५ ते २९ जुलै २०१६ या वर्षात फुकट मिळालेले विंडोज १० त्यांच्यावर चढले आणि पुढे १८०९ किंवा १९०९ या जुन्या आवृत्त्यांवर कुठेतरी अडकले.

आता ही अडचण अंगावर येते, कारण विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यानंतरचे वाढीव सुरक्षा अपडेट घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर झाले, पण ते फक्त २२एच२ आवृत्तीलाच मिळतात. मागच्या आवृत्तीवरच्या पीसीला त्यासाठी नाव नोंदवण्याचा पर्यायही दिसत नाही.

आधी आवृत्ती बघा. विंडोजचे बटण आणि आर एकत्र दाबा, ‘विनव्हर’ (विंडोज व्हर्जनचे लघुरूप) इंग्रजीत लिहा, एंटर. तिथे २००४, २०एच२, २१एच१ किंवा २१एच२ दिसले तर काम सोपे आहे. या सगळ्यांचा गाभा २२एच२ चाच असल्याने एक छोटे पॅकेज, केबी ५०१५६८४, आतले बंद कप्पे उघडते आणि पाच-दहा मिनिटांत काम होते. ते बसत नसेल तर आधी त्या आवृत्तीचे मासिक अपडेट पूर्ण करा. १९०९ किंवा त्याआधीची आवृत्ती असेल तर मात्र सगळे विंडोज नव्याने बसते, आणि खालचा सगळा खटाटोप त्यासाठीच आहे.

तेच अपडेट पाच वेळा चालवून सहाव्यांदा बसत नाही. मागे फिरताना सेटअप कारण लिहून ठेवतो. ते वाचायचे.

सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, व्ह्यू अपडेट हिस्ट्री इथे फसलेल्या अपडेटखाली एक कोड असतो. आयएसओ फाइलमधून (सगळे विंडोज एकाच फाइलमध्ये) अपग्रेड चालवले असेल तर माघारीनंतर एका खिडकीत कोडचे दोन भाग दिसतात. सुरुवातीचे शून्य-एक्स सोडून वाचा. पहिला भाग बहुधा सी१९००१०१ असतो. त्याचा अर्थ ढोबळ आहे: कुठला तरी ड्रायव्हर, म्हणजे एखादे उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर, आडवा आला. खरी माहिती दुसऱ्या भागात, म्हणजे २००१७ किंवा ३००१८ अशा पाच आकड्यांत. त्यातला पहिला आकडा कुठल्या टप्प्यात घसरले ते सांगतो. १ म्हणजे जुने विंडोज चालू असतानाच, २ म्हणजे पहिल्या रिस्टार्टनंतर सेटअपच्या छोट्या तात्पुरत्या सिस्टीममध्ये, ३ म्हणजे नवे विंडोज पहिल्यांदा सुरू होताना, ४ म्हणजे दुसऱ्यांदा सुरू होऊन जुना डेटा नव्या घरात हलवताना. पडद्यावरच्या टक्क्यांवर विसंबू नका. एकाच टप्प्यातली चूक वेगवेगळ्या पीसीवर वेगवेगळ्या टक्क्याला दिसते.

कोड कुठेच सापडला नाही तर सी ड्राइव्हवर विंडोज, लॉग्ज, सेटअपडायग या फोल्डरात निकालाची फाइल शोधा. तीही नसेल तर सी ड्राइव्हच्या मुळाशी डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारे आणि ‘बीटी’ने संपणारे लपलेले फोल्डर असते. त्यात सोर्सेस, मग पँथर किंवा रोलबॅक. तिथली ‘सेटअपएरर’ नावाची फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि शेवटून वर वाचत जा. अडलेल्या ड्रायव्हरचे नाव, शेवटी ‘सिस’ असलेले, बहुतेक वेळा तिथेच सापडते.

विंडोजला हात लावण्याआधी कॅबिनेट उघडा

कोड काहीही असो, जुन्या पीसीवर चार गोष्टी आधी तपासल्या नाहीत तर पुढची मेहनत वाया जाते.

पहिली, मदरबोर्डवरचा बटण सेल. सीआर२०३२, तीन व्होल्टचा. दहा वर्षांत कुणी बदललेला नसतो. मल्टिमीटरवर २.८ च्या खाली दाखवत असेल तर बदलाच. मल्टिमीटर नसेल तर न मोजताही बदला, सेल कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. सेल गेला की लाईट गेल्यावर किंवा मेन स्विच बंद केल्यावर तारीख कित्येक वर्षे मागे जाते. मग वेबसाइटची प्रमाणपत्रे जुळत नाहीत, ब्राउझर ‘युवर क्लॉक इज बिहाइंड’ म्हणतो आणि विंडोज अपडेट ८००७२एफ८एफ हा कोड देते. त्याहून वाईट म्हणजे बायोसची, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरची, सगळी सेटिंग्ज मूळ पदावर जातात. काही बोर्ड चालू होतानाच ‘एफ१ दाबा’ म्हणून थांबतात. अपग्रेड रात्री लावून झोपलात तर सकाळी पीसी त्याच ओळीवर उभा असतो.

दुसरी, हार्ड डिस्क. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचे सॉफ्टवेअर चालवा आणि तीन ओळी बघा: ०५, सी५ आणि सी६. शेवटच्या स्तंभात शून्याशिवाय दुसरे काही असेल तर अपग्रेड नको. आधी डेटा बाहेर काढा. अपग्रेडमध्ये काही लाख फायली वाचल्या-लिहिल्या जातात, आणि मरायला टेकलेली डिस्क नेमकी तेव्हाच मान टाकते. सी७ ची ओळ वाढलेली असेल तर दोष डिस्कचा नसून बहुधा साटा केबलचा, म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या वायरचा. केबल बदला, पुढे तो आकडा वाढायचा थांबतो.

तिसरी, रॅम. पट्ट्या काढा, सोनेरी कडा पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने घासा, ब्रशने भुगा झटका, स्लॉटमधली धूळही काढा आणि परत घट्ट बसवा. मग मेमटेस्ट८६+ हे रॅम तपासणारे सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरून पूर्ण एक फेरी चालू द्या. एकही लाल ओळ आली तर एकेक पट्टी वेगळी लावून बघा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या दोन पट्ट्या रोजच्या कामात निमूट चालतात आणि फायली उलगडताना घोळ करतात. दर वेळी वेगळाच कोड येत असेल तर संशय पहिला रॅमवर घ्या.

चौथी, बायोसमधली एक नोंद: एक्झिक्यूट डिसेबल बिट, एएमडीच्या बोर्डवर एनएक्स. ती ‘एनेबल्ड’ असायलाच हवी. सेल संपून बायोस मूळ पदावर गेला की काही बोर्डांवर ती बंद होते, आणि मग चांगला प्रोसेसर असूनही विंडोज १० त्याला नापास करते.

आता कोडप्रमाणे

२ ने सुरू होणारे कोड, विशेषतः २००१७. सेटअपची तात्पुरती सिस्टीम सुरूच होऊ शकली नाही. पहिला संशय बाहेरच्या अँटिव्हायरसवर. तो नुसता बंद करून भागत नाही. अनइन्स्टॉल करा आणि त्या कंपनीचे स्वतःचे साफसफाईचे टूल चालवा, कारण त्याचे ड्रायव्हर मागे उरतात. दुसरा संशय हार्डवेअर लॉकवर. डीटीपी, हिशेब, बांधकाम अंदाजपत्रक यांची जुनी सॉफ्टवेअरे पोर्टला लावलेल्या लायसन्सच्या डाँगलवर चालतात, आणि त्याचे विंडोज ७ च्या काळातले ड्रायव्हर फार कुरापती काढतात. डाँगल काढा, त्याचा ड्रायव्हर कंट्रोल पॅनेलमधून उडवा, अपग्रेड झाल्यावर नवा टाका. डिजिटल सिग्नेचरचे टोकन, बायोमेट्रिक मशीन, वेबकॅम, कार्ड रीडर, पेनड्राइव्ह, प्रिंटर, दुसरी हार्ड डिस्क, सगळे बाहेर. पीसीला फक्त कीबोर्ड, माऊस आणि मॉनिटर राहू द्या. पूर्वीच्या नेट डाँगलचे सॉफ्टवेअर आणि फोनचे जुने सूट प्रोग्रामच्या यादीत पडून असतात, तेही काढा.

३ ने सुरू होणारे. ३००१८ म्हणजे एखाद्या उपकरणाचा ड्रायव्हर सेटअपला उत्तरच देत नाही. ३०००डी असेल तर डिस्प्ले ड्रायव्हर बघा. जुन्या बोर्डवरच्या ग्राफिक्सची अडचण मूळची आहे: जी३१ च्या आत बसलेल्या ग्राफिक्ससाठी विंडोज १० चा ड्रायव्हर निघालाच नाही, आणि आय३-२१०० सारख्या दुसऱ्या पिढीच्या प्रोसेसरसाठी विंडोज अपडेट स्वतः उतरवते तेवढाच मिळतो. म्हणून ‘ड्रायव्हर शोधून देतो’ म्हणणारी सॉफ्टवेअरे या पीसीवर नकोतच. ती कुठलातरी भलताच ड्रायव्हर डोक्यावर बसवतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अ‍ॅडाप्टर्सवर राइट क्लिक करा, अनइन्स्टॉल निवडा, ‘डिलीट द ड्रायव्हर सॉफ्टवेअर’वर खूण करा. पडदा ओबडधोबड दिसू लागेल. त्याच अवस्थेत अपग्रेड चालवा.

४०००डी, आणि सोबत ८००७०४२बी. इथे ड्रायव्हर नाही, यूजर अकाउंट किंवा डेटा अडतो. वर्षानुवर्षे न उघडलेली जुनी अकाउंट त्यांचा डेटा काढून घेऊन डिलीट करा. डेस्कटॉपवर ५०-६० जीबी साठवलेले असेल तर ते डी ड्राइव्हवर हलवा.

८००७००७० म्हणजे जागा नाही. सी ड्राइव्हवर निदान ३० जीबी मोकळे करा. सेटअप त्याहून कमी मागतो, पण जुने विंडोज बाजूला ठेवायलाही जागा लागते. डिस्क क्लीनअप उघडून ‘क्लीन अप सिस्टीम फाइल्स’ दाबल्याशिवाय मोठा कचरा दिसत नाही. मात्र त्याच यादीत डाउनलोड्स फोल्डरही असतो, त्यावर खूण करू नका.

आता ८००एफ०९२२, किंवा ‘वुई कुडन्ट अपडेट द सिस्टीम रिझर्व्ड पार्टिशन’ ही ओळ. इथे बहुतेक जण फसतात, कारण सी वर शंभर जीबी मोकळे असूनही सेटअप जागा नाही म्हणतो. तो बोलतो ते वेगळ्या जागेबद्दल. विंडोज ७ बसताना डिस्कच्या सुरुवातीला १०० एमबीचे लपलेले पार्टिशन बनवायचे. विंडोज १० च्या सुरुवातीच्या आवृत्त्या स्वतः बसल्या तर साधारण ५०० एमबीचे बनवायच्या, पण ७ वरून अपग्रेड झालेल्या पीसीवर ते १०० एमबीचेच राहिले. त्यात साधारण १५ एमबी मोकळे लागतात, आणि ती जागा फाइल सिस्टीमच्या नोंदवहीने किंवा एखाद्या अँटिव्हायरसने खाऊन टाकलेली असते.

उपाय असा. डिस्क मॅनेजमेंट उघडा, ‘सिस्टीम रिझर्व्ड’वर राइट क्लिक करून त्याला वाय हे अक्षर द्या. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. तिथे इंग्रजीत सीएचकेडीएसके, मग वाय आणि कोलन, मग स्लॅश एफ, स्लॅश एक्स, स्लॅश एसडीक्लीनअप आणि शेवटी स्लॅश एल कोलन ५००० असे, प्रत्येकामध्ये एक जागा सोडून, एका ओळीत लिहा. याने नोंदवही सुमारे ५ एमबीवर येते. बहुतेक वेळा एवढ्याने भागते. नाही भागले तर वाय मधल्या बूट फोल्डरात भाषांची छोटी फोल्डरे असतात: जर्मन, जपानी, कोरियन वगैरे. ईएन-यूएस आणि असल्यास ईएन-जीबी ठेवा, बाकीची काढा. परवानगी नाकारली तर प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, अ‍ॅडव्हान्स्डमध्ये मालकी आपल्या नावावर घ्या. बीसीडी आणि बूटएमजीआर या फायलींना मात्र हात लावू नका, पीसी सुरूच होणार नाही. काम झाले की वाय हे अक्षर काढून टाका.

चालवायचे कसे

विंडोज अपडेटच्या बटणावर पुन्हा जाऊ नका. मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने विंडोज १० ची आयएसओ फाइल उतरवा. पीसीवर अजून विंडोज ७ असेल तर ते टूल तिथे बऱ्याचदा अडखळते, म्हणून फाइल दुसऱ्या, नव्या पीसीवर बनवून पेनड्राइव्हने आणा. ३२ बिटवर ३२ चीच आणि ६४ वर ६४ चीच फाइल लागते. भाषा जुळली नाही तरी ‘फायली आणि अ‍ॅप ठेवा’ हा पर्याय बाद होतो. इंग्लिश युनायटेड स्टेट्स की इंग्लिश इंटरनॅशनल, हे आधी बघून घ्या.

मग एमएसकॉन्फिग या विंडोजच्याच टूलमध्ये सर्व्हिसेस, ‘हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस’वर खूण, बाकी सगळ्या बंद, रिस्टार्ट. फाइलवर डबल क्लिक, सेटअप. पहिल्याच पानावर ‘चेंज हाऊ सेटअप डाउनलोड्स अपडेट्स’ अशी बारीक ओळ असते, तिथे ‘नॉट राइट नाऊ’ निवडा. नेटची वायर काढा. सेटअपने अर्ध्यात भलता ड्रायव्हर उतरवू नये, एवढ्यासाठीच हे.

साध्या हार्ड डिस्कवर तीन-चार तास सहज जातात. एकाच टक्क्यावर पाऊण तास थांबले तरी कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर हात लावू नका. यूपीएसची बॅटरी पाच मिनिटेही टिकत नसेल तर लोडशेडिंगच्या वेळा टाळूनच बसा.

अपग्रेड झाले आणि काही बिघडले, तर दहा दिवसांच्या आत सेटिंग्जमधल्या रिकव्हरीतून मागे जाता येते. तोवर डिस्क क्लीनअपने ‘विंडोज ओल्ड’ पुसू नका.

झाले, पण लाईट गेली की निळा पडदा

अपग्रेड नीट बसले, चार दिवस चालले, आणि एके सकाळी ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’. लोक विंडोज उडाले समजून फॉरमॅट मारतात. बहुतेक वेळा दोषी तोच बटण सेल असतो. विंडोज बसवताना बायोसमध्ये साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलण्याची पद्धत, एएचसीआय होता. लाईट गेली, सेलने दम सोडला, बायोसने मोड परत आयडीई या जुन्या पद्धतीवर नेला आणि विंडोजला डिस्क दिसेना. बायोसमध्ये जाऊन मोड पुन्हा एएचसीआय करा, सेल बदला, एफ१० ने सेव्ह करा. फॉरमॅटची गरज नाही.

उलटी गरजही पडते: विंडोज आयडीई मोडवर बसलेले आहे आणि एसएसडीसाठी एएचसीआय हवे. थेट बदलले तर हाच निळा पडदा येतो. आधी एमएसकॉन्फिगच्या बूट टॅबमध्ये ‘सेफ बूट’वर खूण करा, रिस्टार्ट करतानाच बायोसमध्ये शिरून मोड बदला, सेफ मोडमध्ये एकदा सुरू होऊ द्या, मग खूण काढून पुन्हा रिस्टार्ट. जी३१ बोर्डवर बहुधा एएचसीआय नसतेच, त्यामुळे तिथे शोधत बसू नका. एसएसडी आयडीई मोडवरही हार्ड डिस्कच्या तुलनेत भन्नाट चालते. किंबहुना या पीसींवर एकच खर्च करायचा तर २४० जीबीची साटा एसएसडी घ्या, रॅम नंतर. जी३१ वर रॅम तशीही ४ जीबीच्या वर जात नाही.

सगळे करून बसत नसेल तर

मग सरळ नवे विंडोज टाका. पेनड्राइव्ह ८ जीबीचा, तो बनवणाऱ्या रुफस या सॉफ्टवेअरमध्ये पार्टिशन स्कीम (डिस्कची मांडणी) एमबीआर आणि टार्गेट बायोस. ‘जीपीटी पार्टिशन स्टाइल’ची, म्हणजे दुसऱ्या स्कीमची, तक्रार आली तर पेनड्राइव्ह आणि डिस्क यांचे सूत जुळलेले नाही, डिस्कवर डेटा असेल तर पार्टिशन पुसू नका, पेनड्राइव्ह दुसऱ्या स्कीमने बनवून बघा. पुढचे यूएसबी पोर्ट दगा देतात, मागचे वापरा. आधीचे विंडोज १० अ‍ॅक्टिव्हेट असेल तर की मागितल्यावर ‘आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की’ निवडा आणि पूर्वीचीच एडिशन घ्या. लायसन्स मदरबोर्डशी बांधलेले असते, नेट मिळताच ते परत लागते.

फॉरमॅटपूर्वी कॉपी करायच्या यादीत माय डॉक्युमेंट्स सगळ्यांना आठवते. टॅलीचे डेटा फोल्डर सी मध्येच आहे का, आउटलुकची मेल साठवणारी पीएसटी फाइल कुठे आहे, हे कुणी बघत नाही. आणि विंडोजच्या फाँट्स फोल्डरातले जुने मराठी फाँट: युनिकोडपूर्व काळात टाइप केलेले ठराव, पत्रिका, प्रश्नपत्रिका त्या फाँटशिवाय उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. फाइल शाबूत असते, फाँट गेलेला असतो. ते सगळे फाँट वेगळ्या फोल्डरात घेऊन ठेवा. ३२ बिटवरून ६४ वर जात असाल तर जुन्या डाँगलचा ६४ बिट ड्रायव्हर आहे का ते आधी शोधा, आणि विंडोज ३.१ च्या काळातले १६ बिट प्रोग्राम ६४ वर चालतच नाहीत हे लक्षात घ्या.

थेट विंडोज ११ टाकावे का? कोअर टू ड्युओवर तो प्रश्नच नाही. २४एच२ पासून विंडोज ११ ला प्रोसेसरमध्ये एसएसई४.२ आणि पॉपकाउंट या सूचना लागतात, त्या कोअर टू मध्ये नाहीत. कुठलीही युक्ती केली तरी ते सुरू होत नाही. पहिल्या पिढीच्या आय३ पासून पुढे रुफसच्या वाटेने चढते, पण मायक्रोसॉफ्टच्या लेखी तो पीसी अपात्रच राहतो आणि मोठे अपडेट दर वेळी हातानेच टाकावे लागते.

टायपिंग, ब्राउझर आणि पीडीएफ एवढेच काम असेल तर लिनक्स मिंट २२ या विंडोजऐवजी चालणाऱ्या सिस्टीमची एक्सएफसीई आवृत्ती ४ जीबी रॅमवर नीट चालते आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. प्रोसेसर ६४ बिट हवा. इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच सुरू करून वायफाय, आवाज आणि देवनागरी इनस्क्रिप्ट कीबोर्ड तपासून घ्या. प्रिंटरही तेव्हाच लावून बघा. एचपी १०२० लेझर प्रिंटर असेल तर त्याचे फर्मवेअर (आतले सॉफ्टवेअर) प्रिंटरमध्ये साठवलेले नसते, दर वेळी पीसीकडून भरावे लागते. म्हणून एचपीलिप या एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरचे वेगळे प्लगइन उतरवल्याशिवाय तो लिनक्सला दिसतो, पण कागद ओढत नाही.